ट्यूब मागू नका, डॉक्टरांना दाखवा

लखनौच्या चौक भागात मेडिकल कॉलेजसमोर औषधांच्या दुकानांची लांब रांग आहे. त्यातल्या एका दुकानात मी फार्मासिस्ट आहे. कॉलेजचं आजचं नाव किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ. 1911 पासून इथे डॉक्टर घडत आलेत, आणि गोंडा-बहराइचपासून रायबरेलीपर्यंतचे रुग्ण इथे येतात. मी मूळचा विदर्भातला. वडिलांच्या रेल्वेतल्या बदलीने लखनौला आलो आणि इथलाच झालो.

काउंटरवरून एक गिऱ्हाईक आता मला लांबूनच ओळखू येतं. गर्दी ओसरेपर्यंत ते बाजूला थांबतं. दुकानात एखादी बाई असली तर उगाच ओआरएसची पुडी हातात घेऊन वाचत राहतं. मग पुढे झुकून हलक्या आवाजात म्हणतं, "भाईसाहब, नीचे काला पड़ गया है, कोई अच्छी-सी ट्यूब दे दीजिए।" कधी काळं असतं, कधी लाल, कधी पांढरं. ट्यूब मात्र सगळ्यांना एकच हवी असते, 'अच्छी-सी'. रस्ता ओलांडला की त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. तिकडे जायचं म्हटलं की मान नकारार्थी हलते.

माझं म्हणणं सरळ आहे. लिंगावरच्या किंवा अंडकोशावरच्या त्वचेचा रंग बदलतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा साधं आणि बरं होण्यासारखं असतं. पण ते कारण कोणतं, हे काउंटरवर उभ्या माणसाला न बघता कळत नाही. आणि न बघता लावलेली ट्यूब नेमकं ते कारणच झाकून टाकते. म्हणून पहिली भेट औषधाच्या दुकानाशी नको, डॉक्टरांशी हवी.

या विषयावर मराठीत लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण आपल्याकडे र. धों. कर्वे होऊन गेले. 1927 साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचक लाजत-लाजत विचारायचे त्या प्रश्नांना ते छापून उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून खटला झाला, आणि 1934 साली कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. इतकी मोठी माणसं ज्यासाठी उभी राहिली, त्या विषयावर आपण आज कुजबुजतच बोलावं, हे मला पटत नाही.

आधी घाबरून जाणाऱ्यांसाठी. तिथली त्वचा बाकीच्या अंगापेक्षा गडद असणं हा निसर्ग आहे. वयात येताना हार्मोन्समुळे तिथलं रंगद्रव्य वाढतं आणि तो रंग जन्मभर तसाच राहतो. अंडकोशाच्या मधोमध जाणारी गडद रेघ सगळ्यांना असते. काहींना लिंगाच्या टोकाच्या कडेला बारीक मोत्यांसारखे एकसारखे दाणे असतात, कातडीखाली पिवळसर ठिपके असतात, उतारवयात अंडकोशावर जांभळट-लाल बारीक ठिपके येतात. यांतलं काहीच रोग नाही, संसर्गही नाही. काही पुरुषांना सपाट, तपकिरी डाग येतात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. तेही बहुतेक निरुपद्रवी असतात. एकदा डॉक्टरांनी बघून तसं सांगितलं की पुरे. अशा निरोगी त्वचेवर गोरं करणारी क्रीम चोळणं, जंतुनाशक द्रवाने ती रोज धुणं, ऐकीव तेलं लावणं यांनी त्वचा भाजते, आणि भाजलेली त्वचा आणखी काळी पडते. तिथे रोज साधं पाणी पुरतं.

आता खरोखर नवा डाग उठला तर काय? चिकनकारीच्या कपड्यांचा ठोक व्यापार करणारे एक गृहस्थ माझ्याकडे नेहमीचे. एका संध्याकाळी ते आले आणि लैंगिक रोगाची 'पूरी दवा' मागू लागले. लिंगाच्या टोकावर रुपयाच्या नाण्याएवढा जांभळट गोल उठला होता, आग होत होती. बायकोशी बोलणं बंद केलं होतं. हे तिच्याकडून आलं असा संशय मनात, आणि तो बोलूनही दाखवता येत नव्हता. मी एवढंच विचारलं, "जनाब, दो-चार दिन में पेट की कोई गोली ली थी?" घेतली होती. जुलाब झाले म्हणून घरात उरलेल्या पट्टीतली ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी. आणि मागच्या उन्हाळ्यात? जरा आठवून म्हणाले, तेव्हाही जुलाब झाले होते, तेव्हाही तीच गोळी, आणि डागही तिथेच. मी त्यांना ती पट्टी घेऊन रस्त्यापलीकडे पाठवलं. डॉक्टरांनी तपासलं आणि निदान पक्कं केलं: औषधाची ठरावीक जागी उठणारी रिअ‍ॅक्शन.

ही रिअ‍ॅक्शन आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही, आणि लिंगाचं टोक ही तिची आवडती जागा. काही जणांच्या त्वचेत एखाद्या औषधाची आठवण ठेवणाऱ्या पेशी ठाण मांडून बसतात. ते औषध पुन्हा पोटात गेलं की काही तासांत त्याच जागी लालसर-जांभळा गोल उठतो, कधी फोड येतो, सोलवटतं. बरं झाल्यावर रंगद्रव्य त्वचेच्या खालच्या थरात उतरतं आणि राखाडी-काळा डाग महिनोन् महिने मागे राहतो. टिनिडाझोल-ऑर्निडाझोलसारखी जुलाबाची औषधं, कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, वेदनाशामक गोळ्या, अगदी बुरशीवर दिली जाणारी फ्लुकोनाझोलसुद्धा हे करू शकते. म्हणजे माणूस डागाला बुरशी समजून फ्लुकोनाझोल खातो आणि डाग वाढतो, असंही घडतं. यावर उपाय म्हणजे ते औषध ओळखणं आणि आयुष्यभर टाळणं. पुन्हा पुन्हा घेतलं तर डाग वाढतात, आणि क्वचित ही रिअ‍ॅक्शन अंगभर पसरून जिवावर बेतू शकते. आमचे व्यापारी आता त्या औषधांची नावं लिहिलेला कागद पाकिटात ठेवतात. आणि बायकोवर घेतलेला संशय एका गोळीच्या पट्टीने पुसला गेला.

दुसरं कारण माझ्या काउंटरवर सर्रास दिसतं: साखर. टोक लाल, पुढच्या त्वचेखाली दह्यासारखा पांढरा थर, कातडीला चिरा, लघवीला आग. ही कँडिडा नावाची बुरशी. गोड मिळालं की ती फोफावते. अनेक पुरुषांना आपल्याला मधुमेह आहे हे या चिरांमुळेच पहिल्यांदा कळतं. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे वरचेवर असा त्रास होणाऱ्याला ट्यूबच्या आधी रक्तातली साखर तपासायला सांगायला हवं.

मधुमेह ठाऊक असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. औषधं चांगली आहेत, हृदय आणि मूत्रपिंडालाही जपतात. 2020 साली डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर ती गोळी स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. पण लघवीतली ती साखर पुढच्या त्वचेखाली राहिली की तिथे बुरशी वाढते. डाव्या हाताने ही गोळी आणि उजव्या हाताने बुरशीचं मलम विकत घेणारा माणूस मी बघतो, आणि दोन्हींचा संबंध त्याला कोणीच सांगितलेला नसतो. लघवी झाल्यावर पाण्याने धुवा, कोरडं करा, त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

आता त्या 'अच्छी-सी ट्यूब'विषयी. लोकांना हवी असते ती तीन औषधांची एकत्र ट्यूब: एक बुरशीविरोधी, एक अँटिबायोटिक आणि एक कडक स्टेरॉइड, बहुधा क्लोबेटासॉल. लावली की दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, आणि औषध लागू पडलं असं वाटतं. खरं तर स्टेरॉइडने शरीराचा विरोध गप्प केलेला असतो. डाग गजकर्णाचा असेल, तर त्याची बुरशी आत पसरतच राहते. शिवाय तिथली त्वचा नाजूक. हायड्रोकॉर्टिसोनवर 1967 साली झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात अंडकोशाची त्वचा हाताच्या पुढच्या भागापेक्षा 42 पट औषध शोषते असं आढळलं होतं. हायड्रोकॉर्टिसोन तर सौम्य स्टेरॉइड. मग क्लोबेटासॉल तिथे महिनोन् महिने चोळल्यावर काय होत असेल? त्वचा कागदासारखी पातळ होते, जांघेत कायमचे चट्टे पडतात, अंडकोश लालभडक होऊन जळजळत राहतो, आणि ट्यूब थांबवली की दुप्पट आग होते. ती आग विझवायला माणूस पुन्हा तीच ट्यूब घेतो.

याचे परिणाम जांघेपुरते थांबलेले नाहीत. नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद न देणारी गजकर्णाची बुरशी आपल्याकडे फैलावली आहे. 2020 साली जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नाव दिलं, आणि आज ती जगभरच्या दवाखान्यांत सापडते. स्टेरॉइडच्या ट्यूबांच्या बेसुमार वापराने तिला रान मोकळं मिळालं, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आलेत. त्यांच्याच पाठपुराव्यामुळे 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घट्ट बसवली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. नियम आहे. तरी संध्याकाळी चिठ्ठी न बघता ट्यूब पुढे सरकवणारे काउंटर देशभर आहेत. माझ्या व्यवसायबंधूंना माझं कळकळीचं सांगणं आहे: ती एक विक्री सोडून द्या.

या स्टेरॉइडची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढच्या त्वचेवर किंवा टोकावर पांढरट, चकचकीत, पातळ कागदासारखा पट्टा येतो, कातडी आवळत जाते, मागे सरत नाही, लघवीची धार बारीक होते. या विकाराला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. तो लहान मुलांनाही होतो. दुर्लक्ष केलं तर मूत्रमार्ग अरुंद होतो आणि पुढे कर्करोगाची शक्यता वाढते. आणि यावरचा पहिला उपचार कोणता? डॉक्टरांनी मोजून, ठरावीक आठवड्यांसाठी दिलेलं तेच कडक क्लोबेटासॉल. एका डागाला जे मलम जाळतं, तेच दुसऱ्या डागाला वाचवतं. हा निवाडा बघणाऱ्या डोळ्यानेच होतो, माझ्या काउंटरवरून होत नाही.

प्रत्येक पांढरा डाग असा नसतो. दुधासारखा पांढरा, सपाट, न खाजणारा, खपली नसलेला डाग बहुधा कोड असतो. कोडाच्या एका प्रकारात ओठ, बोटांची टोकं आणि लिंगाचं टोक एवढ्याच जागा पांढऱ्या होतात. कोड संसर्गाने पसरत नाही, कोणाला लागत नाही, आणि त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. त्यावर उपचार आहेत, लवकर सुरू केले तर उपयोग जास्त. पण लग्न ठरायच्या वयातला मुलगा हे कोणाला सांगणार? तो भिंती वाचतो. पुष्पक एक्स्प्रेसने लखनौहून मुंबईला जाताना रुळांलगतच्या भिंतींवर 'सफेद दाग' आणि 'गुप्त रोग' यांवर हमखास इलाज सांगणारी अक्षरं नजरेतून सुटत नाहीत. 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत कोड आणि लैंगिक रोग दोन्ही आहेत. त्यांवरच्या औषधांची अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. कायद्याला सत्तर वर्षं उलटली, भिंती तशाच आहेत. याच लखनौत 1902 साली हकीम अब्दुल अझीझ यांनी तकमील-उत-तिब हे युनानी महाविद्यालय सुरू केलं. नाडी आणि रुग्ण दोन्ही नीट बघणाऱ्या हकिमांची ती परंपरा. भिंतीवरचा फोन नंबर तिचा वारस नाही. आणि वर्तमानपत्रांनीही असल्या जाहिराती छापू नयेत.

आता ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते ते. नव्या शरीरसंबंधानंतर काही आठवड्यांनी न दुखणारी जखम उठली, तर ती सिफिलिस असू शकते. ती काही आठवड्यांत आपोआप भरते, आणि तिथेच माणूस फसतो; जंतू शरीरातच राहतात आणि पुढे तळहात-तळपायांवर पुरळ घेऊन परततात. साध्या रक्तचाचणीने निदान होतं, पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असतात, तिथे तपासणी आणि औषधं मोफत आहेत. 1097 या टोल-फ्री क्रमांकावर एचआयव्ही आणि लैंगिक रोगांची माहिती मिळते. एचआयव्हीची चाचणी करावी लागली तर तुमची माहिती गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. आणि जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार झाले पाहिजेत, नाहीतर रोग घरातल्या घरात फिरत राहतो.

लिंगाचा कर्करोग फारसा आढळत नाही, पण आढळतो. तंबाखू, एचपीव्ही विषाणू, मागे न सरणारी त्वचा आणि तिच्याखाली साचणारा मळ यांनी धोका वाढतो. मखमलीसारखा लाल पट्टा, गाठ, रक्त येणारी जखम, आकार-रंग बदलणारा तीळ किंवा काळा डाग, घट्ट त्वचेखालून येणारा घाण वास, ही त्याची लक्षणं. सुरुवातीला आलेल्या रुग्णाचा अवयव बहुधा वाचवता येतो. उशिरा आलेल्याचा अनेकदा वाचत नाही. लाजेपायी गेलेल्या वेळेची किंमत इतकी मोठी असते.

मग जायचं कधी? काही वेळा तास मोजावे लागतात. अचानक जोरात दुखून लिंग निळं-काळं पडलं, सुजलं. मागे सरकवलेली त्वचा पुढे येईना आणि टोक सुजून जांभळं झालं. मुलाच्या एका वृषणात एकाएकी असह्य कळ आली. किंवा मधुमेही माणसाच्या अंडकोशाची कातडी काळपट पडली, ताप आला, वास येऊ लागला. अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं, मध्यरात्र असली तरी. वृषणाला पीळ पडला असेल तर सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली पाहिजे, आणि काळी पडत जाणारी कातडी सकाळची वाट बघत नाही.

जखम, फोड, पू, नवीन लाल किंवा पांढरा पट्टा, आवळत जाणारी कातडी असेल, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कोणताही डाग किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती कशीही दिसत असली तरी दाखवा. पूर्वीपासून तसाच असलेला, न दुखणारा, न वाढणारा डाग असेल तर सवडीने जा, पण एकदा जा.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि लावलेल्या ट्यूबा बरोबर न्या. आयुर्वेदिक, युनानी, मित्राने दिलेली, सगळं. डाग येऊन-जाऊन असेल तर आलेला असताना स्वतःच्या फोनवर फोटो काढून ठेवा. मधुमेह किंवा नवा शरीरसंबंध असेल तर सांगून टाका. संकोच वाटत असेल तर खोलीचं दार लावा, पडदा ओढा, पुरुष डॉक्टर असतील तर त्यांना बोलवा, असं म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. डॉक्टरांनाही माझी विनंती आहे: न बघता चिठ्ठी लिहू नका. ऐकीव तक्रारीवर लिहिलेल्या ट्यूबच्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर येतात. रुग्णाला कपडे बाजूला करायला सांगण्याचा संकोच डॉक्टरांनीच केला, तर रुग्णाने धीर कुठून आणायचा?

घरातल्या बायकांनाही सांगतो. नवरा किंवा मुलगा न्हाणीघरात जास्त वेळ घालवू लागला, कपाटात एखादी ट्यूब लपवू लागला, तर संशय घेण्याआधी विचारा आणि सोबत चला. आणि तरुण मित्रांनो, हात, डोळा, दात दुखला की तुम्ही डॉक्टरांकडे जाता. हाही तुमच्याच शरीराचा भाग आहे. आज दिवसाच्या उजेडात एकदा नीट बघा. काही नवं दिसलं तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि मग त्यांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात या.